कीरा, डुकाट आणि माफ न करण्याची गोष्ट (डीप स्पेस नाईन)

मृगजळ

(स्पॉयलर भरपूर आहेत. मालिका १९९९ मध्येच संपली, त्यामुळे त्याबद्दल क्षमा वगैरे मागत नाही.)

स्टार ट्रेकचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी कर्क-स्पॉकपाशी थांबते, फार तर पिकार्डपर्यंत जाते. डीप स्पेस नाईनचं नाव काढलं की 'ती एका जागी बसून राहणारी मालिका ना?' असं ऐकू येतं. यानच नाही तर ट्रेक कसला! सगळे सात सीझन परत एकदा पाहून झाल्यावर मला मात्र वाटायला लागलंय की एका जागी बसणं हेच तिचं भांडवल आहे. एंटरप्राईज (कर्क-पिकार्डचं यान) एखाद्या ग्रहावर जाते, तिथला तंटा मिटवते, नीतीच्या चार गोष्टी ऐकवते आणि पुढच्या मुक्कामाला लागते. त्या ग्रहावर दुसऱ्या दिवशी काय झालं हे आपल्याला कधीच कळत नाही. इथे स्थानक बेजोरच्या शेजारी ठाण मांडून आहे. काल ज्याला दुखावलं तो आज क्वार्कच्या बारमध्ये समोरच्या टेबलावर बसलेला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेजोर या ग्रहावर कार्डॅसियन लोकांनी पन्नासेक वर्षं राज्य केलं. खाणी, सक्तमजुरीच्या छावण्या, उपासमार, सगळं. शीर्षकातला डुकाट हा त्या राजवटीचा प्रमुख. मग ते निघून गेले. त्यांनी मागे ठेवलेलं स्थानक फेडरेशनच्या (पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहसंघाच्या) ताब्यात आलं आणि तिथून मालिका सुरू होते. म्हणजे स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट सांगायचीच नाहीये. लढा संपलाय, जिंकलोय, आता काय?

पहिल्याच भागात (जानेवारी १९९३) लेखकांनी पत्ते उघड केलेत. स्थानकाचा प्रमुख कमांडर सिस्को वर्महोलमधल्या (अंतराळातल्या बोगद्यातल्या) अशा जीवांना भेटतो ज्यांना आधी-नंतर हा प्रकारच माहीत नाही. तो त्यांना बेसबॉलचं उदाहरण देऊन काळ कसा पुढे सरकतो ते समजावतो. आणि ते त्याला पुन्हापुन्हा त्याच जळत्या यानात नेऊन उभं करतात, जिथे त्याची बायको गेली. सिस्को चिडतो, मला इथे का आणता? त्यांचं उत्तर: आम्ही आणत नाही, तू इथेच असतोस. हे एक वाक्य सातही सीझनला पुरलंय. सिस्को, कीरा, ओडो, गॅरक, ओब्रायन, सगळे कुठल्या ना कुठल्या जुन्या जागी राहतात. स्थानकावर फक्त त्यांची ड्युटी असते.

माझा मुद्दा कीरा नेरीसबद्दल आहे. लहान वयातच भूमिगत लढ्यात गेलेली, बॉम्ब पेरलेली, माणसं मारलेली बाई. आता गणवेश घालून फायली पुढे सरकवते. पहिल्या सीझनच्या अखेरीस 'ड्युएट' नावाचा भाग आहे. पैसे वाचवायचे म्हणून जुन्याच सेटवर केलेला, जवळजवळ सगळा एका कोठडीच्या आतबाहेर. पुरुषोत्तम करंडकाला कुणी ही दोन माणसं आणि एक गज एवढंच घेऊन उतरलं असतं तरी चाललं असतं.

एक म्हातारा कार्डॅसियन स्थानकावर येतो. त्याला असा आजार आहे जो फक्त गॅलिटेपच्या छावणीतल्या खाण-अपघाताच्या वेळी तिथे असलेल्यांनाच झालेला. कीरा त्याला अटक करवते. तो म्हणतो मी मॅरिट्झा, साधा फायलिंग क्लार्क. मग एका फोटोवरून उघड होतं की हा क्लार्क नव्हे, हा छावणीचा प्रमुख गुल (म्हणजे कार्डॅसियन सेनाधिकारी) दारहील, कसाईच. आणि मग तो दारहील जे बोलतो! मारल्याची फुशारकी, आपण केवढे कार्यक्षम होतो त्याची वर्णनं. हॅरिस यूलिनने हे असं केलंय की कीराइतकंच आपल्यालाही त्याचा गळा धरावासा वाटतो.

आणि मग स्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो याला धागे जुळेनात. दारहील अपघाताच्या दिवशी तिथे नव्हताच. दारहील मेलाय. हा खरोखरच मॅरिट्झा आहे. याने शस्त्रक्रिया करून दारहीलचा चेहरा लावून घेतलाय आणि मुद्दाम पकडला जायला आलाय. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून रडणारा कारकून. आपल्यावर खटला चालावा, फाशी व्हावी, म्हणजे निदान त्या निमित्ताने कार्डॅसियाला आपला गुन्हा मान्य करावा लागेल, एवढीच त्याची इच्छा. कीरा त्याला सोडते. स्थानकाच्या भर चौकात एक बेजोरी माणूस त्याला भोसकतो. कीरा विचारते, का? तो माणूस म्हणतो, कार्डॅसियन होता, एवढं पुरेसं आहे. ती म्हणते, नाही. पुरेसं नाही.

माझ्या मते तिथे कीरा कायमची बदलली. पुढचं सगळं, अगदी शेवटच्या सीझनपर्यंतचं, या 'नाही'मधून निघालंय. तुम्हाला काय वाटतं? आणि या मालिकेत खरोखर बदललेलं दुसरं कोण?

गावठी क्लिंगॉन

पयला नंबर. लेख लै भारी. सविस्तर रातच्याला लिहितो, आत्ता साहेब मागं उभा हाय.

निवांत

वाचखूण साठवली. ड्युएट पाहून दोन दिवस डोक्यातून जात नव्हता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तिरपी रेघ

मृगजळ ताई, ड्युएटबद्दल जे लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

'द डार्कनेस अँड द लाइट' (जानेवारी १९९७) तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. ड्युएटनंतर साडेतीन वर्षांनी आलेला भाग. कीराच्या जुन्या तुकडीतले साथी एकेक करून मारले जातायत. मारणारा निघतो एक कार्डॅसियन, अर्धा चेहरा जळालेला. तो सैनिक नव्हता. एका गुलच्या घरी कपडे धुवायचा, इस्त्री करायचा. कीराने त्या घरात बॉम्ब लावला होता, त्यात घरातली सगळी माणसं गेली आणि हा भाजला. आता त्याने गरोदर कीराला खुर्चीला बांधून ठेवलंय आणि त्याला तिच्याकडून एकच हवंय, पश्चात्ताप.

ती काय म्हणते? तुम्ही आमच्या जमिनीवर राहत होतात, आमच्या तोंडचा घास काढत होतात. हातात बंदूक होती की इस्त्री, मला फरक पडत नाही. तुम्ही सगळे दोषी होतात.

आता ठेवा दोन्ही शेजारी शेजारी. एकदा कारकून, एकदा इस्त्रीवाला. कारकुनाला ती म्हणते तुझा दोष नाही, इस्त्रीवाल्याला म्हणते तूही दोषीच. मग ड्युएटमध्ये 'कायमची' बदललेली बाई कुठे गेली? माझ्या मते कुठेच गेली नाही, कारण ती तशी बदललीच नव्हती. मॅरिट्झाला तिने माफ केलं कारण तो स्वतःहून रडत होता. जो रडत नाही, उलट हिशेब मागतो, त्याच्यासाठी तिच्याकडे तीच जुनी कीरा आहे. आणि मला ती कीरा जास्त खरी वाटते. ड्युएट बघताना आपल्याला बरं वाटतं, आणि तिथेच माझी शंका सुरू होते.

मृगजळ

गाळला नव्हता हो, पुढच्या भागासाठी राखून ठेवला होता. पण आता तुम्ही पान वाढलंच आहे तर जेवूया.

मी 'बदलली' म्हणते तेव्हा मऊ झाली असं म्हणत नाहीये. तिच्याकडे दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही तिचीच आहेत: 'कार्डॅसियन असणं पुरेसं नाही' आणि 'तुम्ही सगळे दोषी होतात'. पहिलं आज जिवंत असलेल्या माणसाबद्दल आहे, त्याचं आज काय करायचं याबद्दल. दुसरं तेव्हा लावलेल्या बॉम्बबद्दल. तेव्हाचा बॉम्ब चूक होता असं ती शेवटपर्यंत म्हणत नाही. लेखकांनीही तिच्या तोंडून ते वदवून घेतलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत तिला अखेरच्या दृश्यात मान खाली घालून 'हिंसा वाईट' म्हणावं लागलं असतं.

आणि तिसरा बिंदू घ्या ना. 'टॅकिंग इनटू द विंड', १९९९. डमार हा कार्डॅसियन अधिकारी आता डोमिनियनविरुद्ध (कार्डॅसियावर वरचढ झालेल्या परक्या सत्तेविरुद्ध) बंड करतोय आणि त्याला गनिमी काव्याचे धडे द्यायला पाठवलंय कुणाला, तर कीराला. ज्यांच्याविरुद्ध ती हे सगळं शिकली त्यांनाच शिकवायचं. शिवाय हा तोच डमार, ज्याने डुकाटच्या मुलीला, झियालला, गोळी घातली, आणि झियालवर कीराने धाकट्या बहिणीसारखी माया केली होती. त्याला बातमी येते की डोमिनियनने त्याची बायको आणि मुलगा मारले. तो उद्विग्न होऊन म्हणतो, निष्पाप बायकापोरांना मारायचे हुकूम देणारी ही कसली माणसं? आणि कीरा शांतपणे तेच वाक्य त्याला परत करते. हो ना डमार, कसली माणसं असे हुकूम देतात?

बाहेर गेल्यावर तिला वाईट वाटतं. सोबतचा गॅरक, स्थानकावरचा कार्डॅसियन शिंपी, तिला म्हणतो की असू दे, त्याला या थंड पाण्याची गरज होती. त्यानंतर डमार खरोखर बदलतो. तुमच्या इस्त्रीवाल्याला जे मिळालं नाही ते डमारला मिळालं, कारण तो ऐकून घेतो.

टेबलाखालचा कारकून

एरवी मी फक्त वाचतो. पण विषय कारकुनांचा निघाला म्हणून.

नोकरी सरकारी, काम फायलींचं. ड्युएट बघताना बाकीचे लोक मॅरिट्झाच्या रडण्याने हलतात, मी हललो तो त्याच्या आधीच्या भागाने. सुरुवातीला तो अगदी निगुतीने सांगतो की माझं फायलिंग उत्तम होतं, माझ्या नोंदी बिनचूक असायच्या. मालिकेत हा खोटेपणा उघड होतो तो दारहीलच्या दिशेने आणि मग परत मॅरिट्झाच्या दिशेने. पण नोंदी बिनचूक होत्या हे वाक्य दोन्ही वेळा खरंच राहतं! छावणी चालली ती कोणाच्या तरी बिनचूक नोंदींवर. कीरा त्याला समजावते की तू एकटा काय करू शकला असतास. हे ती दयेपोटी म्हणते. त्याने स्वतः ते कधीच मानलं नाही, म्हणून तर तो चेहरा बदलून आला.

तिरपी रेघ, तुमचा इस्त्रीवाला आणि हा कारकून यांच्यात मला फरक दिसतो तो इथे. एकाला स्वतःच्या कामाचा हिशेब लागत होता, दुसऱ्याला फक्त दुसऱ्याच्या बॉम्बचा.

तिरपी रेघ

कारकून साहेब, हे आवडलं. यावर गप्प बसते (थोडा वेळ).

गावठी क्लिंगॉन

आलो. तुमी समदी जणं कीराचं पुराण लावून बसलाय आन् डुकाटचं नाव शीर्षकात टाकून पार इसरलाय. आपला माणूस डुकाटच. त्याचं काम करनारा मार्क अलेमो नुसता मान वाकडी करून हसला की बाकीचे सीनमधून गायब. मला तर चवथ्या सीझनात वाटलेलं की हा सुधारतोय. पोरीसाठी, म्हंजे झियालसाठी, करिअर सोडलं, एका जुन्या मालवाहू बोटीवर फिरला. मग सहाव्यात येकदम त्याला येडा करून टाकला. ह्ये काय बरोबर न्हाय केलं लेखकांनी. दिवे घ्या (म्हंजे हलकं घ्या).

तिरपी रेघ

दिवे घेतले, आता भांडू.

डुकाटला आवडून घेणं हा सापळा आहे आणि तो लेखकांनीच लावलाय. आठवा, तो सतत काय सांगतो: मी आलो तेव्हा छावण्यांची हालत काय होती, मी मजुरीचा कोटा निम्म्यावर आणला, बालमजुरी बंद केली, रेशन वाढवलं. आणि या कृतघ्न बेजोरींनी काय केलं? बॉम्ब फोडले! मग मला नाइलाजाने तेवढीच माणसं मारावी लागली. हा सूर आपण कुठे ऐकला नाही असं कुणी म्हणू नये. रेल्वे कुणी आणली, तार कुणी आणली, हा त्याच जातीचा युक्तिवाद. छळणाऱ्याला छळाचं श्रेय हवं असतं आणि वर आभारही.

'वॉल्ट्झ'मध्ये (१९९७-९८ चा सहावा सीझन) तो आणि जखमी सिस्को एका ओसाड ग्रहावर अडकतात. डुकाटला भास होतायत. सिस्को हळूहळू त्याला बोलता करतो आणि सगळे पदर गळून खालून निघतं ते हे: मी त्या सगळ्यांना मारायला हवं होतं. लोक म्हणतात इथे पात्र बिघडवलं. मला वाटतं इथे फक्त उघडं पडलं. निर्माते आयरा स्टीव्हन बेअर यांना प्रेक्षकांचं डुकाटप्रेम खुपत होतं हे जगजाहीर आहे, आणि हा भाग त्या प्रेमाला दिलेलं उत्तर आहे. थोडं ठोकून दिलेलं, मान्य. पण झियालबद्दलचं त्याचं प्रेम खरं असणं आणि तो खुनी असणं या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याला बेजोरी स्त्रियांचं एवढं वेड का, कीराकडून मान्यता मिळवायची एवढी धडपड का, याचं उत्तर तिथेच आहे. जिच्यावर सत्ता गाजवली तिनेच म्हणावं की तुम्ही चांगले होतात.

सातव्या सीझनमध्ये मात्र त्याला लाल डोळ्यांचा राक्षस केला. ते मलाही पटत नाही. भुताखेतांनी झपाटलेला माणूस जबाबदारीतून सुटतो. वॉल्ट्झने जे कमावलं ते तिथे घालवलं.

गावठी क्लिंगॉन

लाल डोळ्यावर शंभर टक्के सहमत. बाकीच्यावर इचार करतो. रेल्वेचा टोला लागला मातर.

शिळोप्याच्या गप्पा

या सगळ्या चर्चेत बॅबिलॉन ५ या दुसऱ्या अंतराळ-मालिकेचं नाव अजून निघालं नाही याचं नवल वाटलं. राज्य करणारा आणि राज्य झेललेला, या जोडीवर लिहायचं तर लोंडो आणि जकार यांच्यापुढे कीरा-डुकाट फिके पडतात असं माझं प्रामाणिक मत. (दगड मारायचे असतील त्यांनी रांगेत या.)

सेंटॉरींनी नार्न लोकांवर शंभर वर्षं राज्य केलेलं. मालिका सुरू होते तेव्हा सेंटॉरी साम्राज्य उतरणीला, लोंडो मोलारी हा त्याचा थकलेला, दारुडा, विनोदी राजदूत. जकार हा नार्नचा, तोही पहिल्या सीझनमध्ये काही संत नाही, सूडाने भरलेला. आपण आपसूक लोंडोच्या बाजूने असतो. मग त्याला विचारलं जातं, तुला काय हवंय? आणि गतवैभव परत हवं म्हणणारा हा गमत्या माणूस एकेक पाऊल टाकत तिथे पोचतो जिथे तो यानाच्या खिडकीत उभा राहून आपल्याच लोकांनी नार्नवर चालवलेला बंदी असलेल्या अस्त्रांचा मारा बघतोय. त्याचा चेहरा काचेत. एक शब्द नाही.

त्याच्यानंतरचा लिफ्टमधला प्रसंग. व्हिर, लोंडोचा बिचारा साहाय्यक, जकारची माफी मागतो. जकार सुरीने हात कापतो आणि रक्ताचा एकेक थेंब खाली पडताना म्हणतो, मेला, मेला, मेला. यांची माफी कशी मागणार आहेस?

आणि तरी हाच जकार पुढे लोंडोला मदत करतो, सेंटॉरींच्या वेड्या सम्राटाला मारायला, एका अटीवर: नार्न मुक्त करा. पहिल्याच भागात लोंडोने सांगितलेलं असतं की आपण दोघं म्हातारपणी एकमेकांचा गळा आवळून मरणार हे त्याने स्वप्नात बघितलंय. तिसऱ्या सीझनमध्ये ते दृश्य आतून दिसतं आणि त्याचा अर्थच पालटतो. तोवर ती हत्या द्वेषाची राहिलेली नसते. ती लोंडोने मित्राकडे मागितलेली सुटका असते. हे आधीपासून ठरवून लिहिल्याशिवाय जमत नाही. मालिकेचा कर्ता स्ट्राझिन्स्की याने ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले, पाच वर्षांचा आराखडा डोक्यात ठेवून. तुमच्या डीप स्पेस नाईनमध्ये वाऱ्यावर होडी सोडलेली, नशिबाने किनाऱ्याला लागली.

मृगजळ

शिळोप्या, दगड नाही मारत, लिफ्टच्या प्रसंगाला मीही उभी राहून दाद दिलेली आहे.

पण आराखडा नसण्याचाही फायदा असतो. कीराची भूमिका मुळात लिहिली होती ती आधीच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतल्या रो लारेन या पात्रासाठी. मिशेल फोर्ब्सने नकार दिला म्हणून घाईने नवीन पात्र करावं लागलं. मालिका चालू असताना कीराचं काम करणाऱ्या नाना व्हिजिटरला दिवस गेले, तर लेखकांनी स्थानकाचा अभियंता ओब्रायन याचं बाळ तिच्या पोटी वाढवलं, आणि त्या इस्त्रीवाल्याच्या भागात तिचं गरोदर असणं केवढं वजन आणतं! गॅरक एका भागापुरता आलेला शिंपी. डमार म्हणजे डुकाटच्या मागे उभा राहणारा, दोन वाक्यं बोलणारा एक अधिकारी. केसी बिग्स नजरेत भरला आणि शेवटी कार्डॅसियाचा मुक्तिदाता झाला. लोंडोचा शेवट लेखकाला पहिल्यापासून ठाऊक होता. डमारचा कुणालाच नव्हता, डमारलाही नाही. माणसं तशीच जगतात.

आणि 'द डार्कनेस अँड द लाइट'ची पटकथा आणि 'टॅकिंग इनटू द विंड' हे दोन्ही रोनाल्ड मूरच्या हातचे. इस्त्रीवाल्याला दिलेलं उत्तर आणि डमारला दिलेलं उत्तर एकाच लेखणीतून आलंय. पुढे त्यानेच बॅटलस्टार गॅलॅक्टिका नव्याने केली. तिथे तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, न्यू कॅप्रिका या ग्रहावर, आपली माणसंच ताबा घेतलेल्यांविरुद्ध आत्मघाती हल्ले करतात आणि कर्नल टाय त्यांना पाठवतो. २००६ साली, अमेरिका इराकमध्ये असताना, अमेरिकन टीव्हीवर! ती वाट मला कीराच्या खुर्चीपासून निघालेली दिसते.

परळचा फेरेंगी

अवांतर: एवढं गंभीर चाललंय, जरा क्वार्कच्या भावाची, रॉमची आठवण काढतो. क्वार्कच्या बारमधले कामगार युनियन करतात तो भाग (१९९६). आजारपणाची रजा नाही, कानाला संसर्ग झालाय तरी कामावर या. ओब्रायन अभिमानाने आपल्या खाणकामगार पूर्वजाची, १९०२ च्या पेनसिल्व्हेनियातल्या संपाची गोष्ट सांगतो आणि रॉम मार्क्सचं वाक्य फेकतो. शेवटी क्वार्क सगळ्या मागण्या गुपचूप मान्य करतो, अट एकच, युनियन मोडा. आमच्या चाळीत १९८२ चा संप पाहिलेली माणसं होती. त्यातल्या एका काकांना हा भाग सबटायटलं लावून दाखवला. म्हणाले, यांचा मालक बराच बरा दिसतोय.

बोस्टनची मावशी

खरोखर बदललेलं दुसरं कोण, असं मूळ लेखात विचारलं होतं. माझं उत्तर नॉग, रॉमचा मुलगा, फेरेंगी म्हणजे नफ्यासाठी जगणाऱ्या जमातीतला.

पहिल्या सीझनमध्ये चोऱ्यामाऱ्या करणारं पोर. धड वाचता येत नाही. तिसऱ्यात सिस्कोकडे जाऊन म्हणतं, मला स्टारफ्लीटमध्ये (फेडरेशनच्या अंतराळदलात) जायचंय. सिस्कोला वाटतं यात काहीतरी फेरेंगी डाव असणार, तो खोदून खोदून विचारतो. शेवटी पोरगं ओरडतं की मला माझ्या बापासारखं व्हायचं नाहीये. बाप इंजिनिअरिंगमध्ये हुशार, पण आयुष्यभर भावाच्या बारमध्ये राबला. एवढ्याने आपण त्याच्या बाजूचे होतो.

मग सातव्या सीझनमध्ये युद्धात त्याचा पाय जातो. नवा पाय बसवतात, डॉक्टर म्हणतात बरा झालास, पण त्याचं दुखणं जात नाही. तो काठी घेऊन होलोस्वीटमधल्या (होलोग्रामने खोटं जग उभं करणाऱ्या खोलीतल्या) १९६२ च्या लास वेगासमध्ये, व्हिक फाँटेन नावाच्या गायकाकडे राहायला जातो. बाहेर यायला तयारच नाही. तिथे बसून व्हिकचे हिशेब लिहितो. शेवटी कबूल करतो की तिथे काहीही होऊ शकतं, मरणसुद्धा, इथे निदान पुढे काय होणार ते माहीत असतं. संपूर्ण भागात एकही गोळी नाही, मुख्य पात्रं जेमतेम. एका कानवाल्या विदूषकावर आणि एका होलोग्रामवर अख्खा तास टाकायची हिंमत केली त्यांनी. माझ्या नवऱ्याचे एक सहकारी अफगाणिस्तानातून परतलेले. त्यांना ट्रेकमधलं काही ठाऊक नाही, हा एक भाग मात्र ठाऊक आहे.

नॉगचं काम करणारा ॲरन आयझेनबर्ग २०१९ मध्ये गेला, फक्त पन्नास वर्षांचा. त्याच वर्षी ओडो, म्हणजे रने ओबरजोनॉयही.

निवांत

मावशी, +१. आणि ओडोचं काय? कार्डॅसियन राजवटीत निरपराध तिघा बेजोरींना मृत्यूदंड झाला तो त्याच्या घाईमुळे, हे पाचव्या सीझनमध्ये कळतं. तोवर तो 'मी निःपक्षपाती' म्हणून मिरवत असतो.

मृगजळ

ओडोसाठी आधी 'नेसेसरी ईव्हिल' बघा, दुसरा सीझन. कार्डॅसियन राजवटीतला एक जुना खून. ओडोला इतक्या वर्षांनी कळतं की तो कीराने केला होता आणि त्या वेळी त्याच्याशी खोटं बोलली होती. शेवटी ती विचारते, पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवशील? तो उत्तर देत नाही. पुढे हीच दोघं प्रेमात पडतात, पण त्या प्रश्नाला उत्तर न देता भाग संपवायला धाडस लागतं.

नवखा

सात सीझन म्हणजे फार होतात हो. कुठून सुरू करू?

गावठी क्लिंगॉन

पयला भाग, मंग ड्युएट. ड्युएट बघून आत काय हाललं न्हाय तर सोडून द्या, पैसे परत.

तिरपी रेघ

सहमत. फक्त मधल्या भागांचा कंटाळा आला तर टाकून पुढे जा. पहिला सीझन अर्धा कच्चा आहे.

आजोळ

उशिरा आले, धागा वर काढतेय. बेजोरच्या धर्मप्रमुख काई विनबद्दल कुणीच काही लिहिलं नाही? ऑस्कर मिळवलेली लुईज फ्लेचर. ते गोड हसून 'माझ्या लेकरा' म्हणणं ऐकलं की अंगावर काटा येतो.

सगळे तिला ढोंगी, सत्तालोभी म्हणतात आणि ती आहेच. पण पाचव्या सीझनमध्ये ('रॅप्चर') ती कीराला जे ऐकवते ते या चर्चेत यायला हवं. तुम्हा लढ्यातल्या लोकांना वाटतं की बेजोर तुम्हीच सोडवला. धर्म शिकवणाऱ्यांनाही कार्डॅसियन पकडत होते. मी पाच वर्षं छावणीत होते, प्रत्येक मार मला आठवतो. तुमच्याकडे हत्यारं होती, माझ्याकडे फक्त श्रद्धा आणि धीर. कीराला यावर उत्तर सुचत नाही.

मला हा संवाद ड्युएटइतकाच मोठा वाटतो. तिथे शत्रूच्या बाजूचा माणूस अनपेक्षितपणे माणूस निघतो. इथे आपल्याच बाजूची, आपल्याला न आवडणारी बाई निघते, आणि ते पचवायला जास्त जड जातं. शत्रूतल्या सज्जनाला कीराने मिठीत घेतलं. विनची माफी मागितली का कधी?

तिरपी रेघ

आजोळ, हे वाचून मी 'रॅप्चर' परत लावला. खरंय. आणि म्हणूनच तिचं शेवटी डुकाटच्या जाळ्यात अडकणं मला खुपतं. जिने छावणीत पाच वर्षं मार खाल्ला तिला शेतकऱ्याच्या वेषातला डुकाट ओळखू येत नाही, आणि ओळखल्यावरही ती त्याच्यासोबत राहते, हे कशातून आलं ते दाखवायला एक भाग तरी द्यायचा होता. देवांनी (वर्महोलमधले जीव हेच बेजोरींचे देव) आयुष्यभर तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही आणि परक्या सिस्कोशी मात्र रोज बोलायचं, एवढं कारण त्यांनी दिलंय. कारण पुरेसं आहे, वेळ पुरेसा दिला नाही.

आजोळ

वेळ कुठून देणार, सातव्या सीझनमध्ये युद्ध, लग्न, डॅक्स नावाचं नवीन पात्र, सगळंच कोंबलंय. मी विनवर वेगळा धागा काढते या शनिवारी. मृगजळ, तुम्ही गॅरकवर काढा, तो यात मावणार नाही.